पदरमोड

रात्री तीनला अमान्सियूचा फोन.
एवढंच म्हणाला, "अंदोरिन्याच्या तोंडाला
पिकून मऊ पडलेल्या नासपतीचा वास येतोय."
बूट शोधतानाच मला उत्तर कळलं होतं.

नोर्देस्तेचा रस्ता. धुकं असं
की हायड्रेंजियाची निळी कुंपणं
गाडीच्या दिव्यात उमटत आणि विझत.
डावीकडे अटलांटिक. नुसता आवाज.

अंदोरिन्या उभी होती पाठ कमानीसारखी करून.
पुढचा चारा तसाच,
आणि ती लोखंडी खांब चाटत होती,
चाटतच होती,
जणू त्यात कुणी काही लपवून ठेवलंय.
व्यायल्याला अकरा दिवस.
"परवा बत्तीस लिटर," अमान्सियू म्हणाला,
लेकीचे मार्क सांगावेत तसा.

शेपटीच्या शिरेतून एक थेंब, पट्टीवर.
चौतीस.
त्यानंही खिशातून आपलं यंत्र काढलं,
तसलंच, फक्त कोपरे झिजलेले.
"माझी काल दोनशे दहा."
हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं,
काय करावं न कळून.
"अर्धी तिला देता आली असती तर."

मानेत सुई सोडताना मी बोलत राहिले,
गाय ऐकते म्हणून, किंवा तो ऐकतो म्हणून:
ती गवत खाते, पण गवताची साखर तिच्यापर्यंत पोचत नाही.
पोटातल्या अंधाऱ्या पिंपात
कोट्यवधी जीव आधी पंगतीला बसतात,
तिच्यासाठी ठेवतात आंबट उरलंसुरलं.
त्या आंबटातून यकृत
साखर घडवत बसतं, दिवसरात्र,
तरी सगळ्या रक्तात मिळून एका वेळी
पाचसहा चमचे.
आणि बत्तीस लिटरना हवी दोन किलोंच्या वर.
दुधातली साखर पाण्याला ओढते.
जेवढी ती, तेवढं पाणी, तेवढंच दूध.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
हे आपण म्हणतो.
कास नाही म्हणत.

कासेला विचारावं लागत नाही कुणाला.
बाकीचं अंग आपली दारं अर्धी लोटून घेतं,
मांड्या, खांदे, सगळे म्हणतात, आधी तिकडे जाऊ दे.
आणि तेवढ्यानंही भागेना
तेव्हा गाय पदरमोड करते:
पाठीवरची चरबी, बरगड्यांवरची,
आटलेल्या दिवसांत जमवलेली,
एवढी एकदम, की यकृत त्यात बुडून जातं,
आणि श्वासाला येतो हा वास.
गोड.
उपासाचा.

बाटली अमान्सियूनं उंच धरली होती.
थोड्या वेळानं हात थरथरायला लागला.
दिओलिंदा, त्याची बायको, दारातून आली,
रात्रीच्या गाऊनवर त्याचंच जॅकेट चढवलेलं,
आणि तिनं त्याच्या कोपराखाली आपला तळवा लावला.
मग मला विचारलं,
"थोडं कमी दे म्हणून नाही का सांगता येत हिला?"

शेजारच्या गोठ्यात वासरू
पावडरचं दूध पिऊन झोपलं होतं.
मी बाटलीतले बुडबुडे मोजत राहिले.

अर्ध्या तासानं कान हलला.
खांब सुटला.
मग एक घास, फार विचार करून,
मग दुसरा.
"झालं?" अमान्सियू.
"काही तासांपुरतं," मी म्हटलं,
आणि घशात ओतायच्या औषधाचा कॅन
दाराशी ठेवला, पाच दिवसांचा.

दिओलिंदानं कॉफी आणली. त्याची बिनसाखरेची.
माझ्यापुढे साखरेचं भांडं सरकवलं.
कालच्या दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं,
हे मला तेव्हा आठवलं.

परतताना वळणावर डेअरीचा टँकर समोर आला.
दोघांना पुरेल एवढा रस्ता नव्हता.
मी गाडी मागे घेतली, पार कुंपणात,
काचेवर ओली निळी फुलं चेपली गेली.
ड्रायव्हरनं हात केला.
पोटात हिंदकळत, जड, सावकाश,
तो अमान्सियूच्या फाटकाकडे गेला.